म्हातारपणाला शहरात जागा

पुण्यात सहकारनगर, एरंडवणे, कर्वेनगर या भागांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांचा एक ठरलेला साचा आहे. तळमजला, वर तीन मजले, मधोमध जिना, प्रत्येक मजल्यावर दोन किंवा चार दारं. लिफ्ट नाही. ठरावीक उंचीपर्यंत लिफ्टची सक्ती नव्हती आणि बँकेत, पोस्टात, टेल्कोत नोकरी करणाऱ्या पस्तिशीतल्या जोडप्यांना तिची गरजही वाटली नव्हती. वरच्या मजल्याला वारा चांगला, गच्ची जवळ, दरही थोडा कमी. ती जोडपी आजही त्याच घरांत राहतात. वयं ऐंशीच्या आसपास आहेत आणि बऱ्याच घरांत दोघांपैकी एकच जण उरलं आहे.

सहकारनगरातल्या अशा एका इमारतीचा जिना टेप लावून मोजला. रुंदी साडेतीन फूट. पायरीची उंची सात इंच. तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या आणि कठडा एकाच बाजूला. दुसऱ्या मजल्याच्या चौकात प्लॅस्टिकची एक खुर्ची ठेवली आहे. कुणी उचलून नेऊ नये म्हणून ती नायलॉनच्या दोरीने खिडकीच्या गजाला बांधली आहे. चढताना दम लागला की बसायला. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनी गॅलरीच्या कठड्याला कप्पी लावून घेतली आहे. सकाळी दुधाची पिशवी, दुपारी मेडिकलवाल्याकडची औषधं, अधूनमधून भाजी, सगळं टोपलीतून वर येतं. त्या स्वतः आठवड्यातून एकदा खाली उतरतात. "उतरायचं काही नाही हो," त्या म्हणाल्या, "परत चढायचं आठवलं की उतरावंसंच वाटत नाही." त्यांचे यजमान आजारी पडले तेव्हा अँब्युलन्सचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं.

मुलगा परदेशात आहे आणि त्याला आईची काळजी आहे. शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, खास ज्येष्ठांसाठी बांधलेला एक प्रकल्प त्याने आईला दाखवून आणला. तिथे लिफ्ट होती, बाथरूममध्ये धरायला दांडे होते, जेवणघर होतं, नर्सही होती. आजींना ते सगळं आवडलं, तरी त्या नको म्हणाल्या. त्यांचे दातांचे डॉक्टर इथे, बँक इथे, बहीण दोन गल्ल्या सोडून, भिशीच्या बायका याच रस्त्यावर. तिथे जाऊन हे सगळं नव्याने कसं जमवायचं?

या लेखासाठी पुण्यात ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी बहुतेकांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. घर बदलायला ते तयार आहेत. मोठं विकून लहान घ्यायलाही तयार आहेत. भाग सोडायला मात्र तयार नाहीत. आणि त्यांच्या भागात, चालत जाता येईल एवढ्या अंतरात, त्यांना परवडेल असं ज्येष्ठांसाठीचं घर जवळजवळ कुठेच नाही. ते का नाही, हे समजून घ्यायचं तर जमिनीच्या नियमांकडे जावं लागतं.

शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने ठरतं. महापालिका विकास आराखडा करते. त्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती असे विभाग आणि शाळा, दवाखाना, उद्यान अशी आरक्षणं दाखवलेली असतात. त्या जमिनीवर किती, कसं आणि किती उंच बांधायचं हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता साऱ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली. बिल्डरपासून आर्किटेक्टपर्यंत सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात.

ज्येष्ठांच्या घरांना निवासी विभागात बंदी आहे, असं नाही. अडतं ते हिशेबात. कोथरूडमध्ये किंवा सहकारनगरात भूखंड मोकळा झाला की त्यावर मिळणारा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल याची मर्यादा, सगळ्यांना सारखाच असतो. तोच एफएसआय वापरून तीन बेडरूमचे फ्लॅट बांधले तर ते पाया भरण्याआधीच विकले जातात. ज्येष्ठांसाठी बांधायचं म्हटलं की मार्गिका रुंद ठेवा, लिफ्ट मोठी घ्या, दवाखान्याला खोली सोडा, एकत्र बसायला जागा द्या. विकता न येणारी जागा वाढते, गिऱ्हाईक मात्र पेन्शनवर जगणारं असतं. व्यवसाय करणारा माणूस मग जमीन स्वस्त मिळेल तिकडे जातो आणि स्वस्त जमीन वीस-तीस किलोमीटरवर असते. पाषाण-बाणेरला अथश्री या ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पाच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा तो भागही शहराचा काठच होता. मुंबईकरांसाठी डिग्निटी फाउंडेशनची ज्येष्ठांची वसाहत झाली ती नेरळला. ही कामं मोलाची आहेत. तिथे समाधानाने राहणारी माणसंही पुष्कळ आहेत. पण दर वेळी म्हाताऱ्या माणसांनीच गाव सोडायचं, असं का व्हावं?

पूर्वी असं नव्हतं. १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात निराधार, अपंग आणि वृद्धांसाठी जे घर सुरू झालं, ते आज नवी पेठेत आहे. पुणेकर त्याला 'निवारा' म्हणून ओळखतात. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की शहर आहे, अलका टॉकीजचा चौक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आजच्या भावाने तसा भूखंड कुठलीही संस्था विकत घेऊ शकणार नाही, त्यामुळे नियमाने जागा राखल्याशिवाय तसं दुसरं घर होणं शक्य नाही.

सरकारचं या विषयाकडे लक्ष नाही असं म्हणता येणार नाही. लक्ष आहे, पण तीन खात्यांत वाटलेलं आहे. वृद्धाश्रम सामाजिक न्याय विभागाकडे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा केंद्रीय कायदा आहे. त्याचं कलम १९ सांगतं की राज्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठ राहू शकतील असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा. घरबांधणीचं धोरण आणि बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं महारेरा हे प्राधिकरण गृहनिर्माण विभागाकडे. आणि जमीन, आराखडा, एफएसआय नगरविकास विभागाकडे.

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाचताना त्या सहकारनगरच्या जिन्याची आठवण सतत येते. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे व्हीलचेअर अडणार नाही. जिना किमान १५०० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना कठडे, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट हवीच. बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा. एखादा प्रकल्प 'ज्येष्ठांसाठी' म्हणून विकायचा असेल तर या गोष्टी विक्री करारात लिहून द्याव्या लागतात. हे चांगलंच झालं. नुसती जाहिरातीत काठी घेतलेल्या आजोबांची तसबीर छापून कोणाला फसवता येणार नाही. पण महारेराचा अधिकार बिल्डर आणि ग्राहक यांच्या व्यवहारापुरता आहे. घर कसं असावं हे ते सांगू शकतं, शहरात त्या घराला जागा कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. 'माझे घर, माझा अधिकार' हे त्याचं ब्रीद. २०३० पर्यंत ३५ लाख घरं आणि ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक असं त्याचं उद्दिष्ट आहे. नोकरदार महिला आणि विद्यार्थी यांच्या बरोबरीने ज्येष्ठ नागरिकांच्या निवासाचा त्यात स्वतंत्र विचार आहे. इथेच सावध राहायला हवं. ज्येष्ठांच्या घरांना जादा एफएसआयची सवलत शहराबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यांत दिली, तर सगळे प्रकल्प तिकडेच जातील. आणखी शेतजमीन जाईल आणि म्हातारी माणसं हॉस्पिटलपासून तासाभराच्या अंतरावर जाऊन बसतील. सवलत हवी ती शहराच्या आत, जिथे ही माणसं आज राहत आहेत तिथे.

प्रश्न किती मोठा आहे? २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक १० कोटी ३८ लाख होते. २०२१ साठीचा अंदाज १३ कोटी ८० लाखांचा आहे आणि २०३१ साठीचा १९ कोटी ४० लाखांचा. महाराष्ट्रात २०११ मध्येच दर दहांतला जवळपास एक माणूस साठीपुढचा होता. पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्त्यांत, जिथली मुलं शिकून बाहेर पडली, तिथे हे प्रमाण किती असेल ते कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला हजेरी लावली की डोळ्यांनीच कळतं.

या माणसांपैकी फारच थोडी निराधार आहेत. फारच थोडी श्रीमंत आहेत. बाकीच्यांचा एक विचित्र पेच आहे. राहत्या फ्लॅटची किंमत पाऊण कोटी, पण हातात महिन्याला येणारा पैसा बेताचा. खासगी नोकरीत आयुष्य काढलेल्या कित्येकांना ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते आणि तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार रुपयांवर आहे. घर गहाण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची उलट-गहाण योजना २००७-०८ पासून आहे, पण आपल्याकडे ती रुजली नाही. राहतं घर बँकेच्या ताब्यात जाईल ही कल्पनाच सोसत नाही. वृद्धाश्रमासाठी ही माणसं पुरेशी गरीब नाहीत आणि रिटायरमेंट होमसाठी पुरेशी श्रीमंत नाहीत. त्यांना दोन खोल्यांचं, लिफ्ट असलेलं घर हवं आहे, ओळखीच्या रस्त्यावर. नियमावलीने विचार करायचा तो यांचा.

त्याची सगळ्यात मोठी संधी आज पुनर्विकासात आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना नियमावलीत प्रोत्साहनपर क्षेत्र मिळतं. त्यामुळे पुण्यात गल्लोगल्ली पत्रे ठोकलेले दिसतात. पुनर्विकासाची सभा हा ज्येष्ठांसाठी मोठा ताणाचा प्रसंग असतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या २०१९ च्या सुधारित सूचनांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने निर्णय होऊ शकतो. तरुण सभासद जादा कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती हे विचारतात. म्हातारे सभासद विचारतात, इमारत किती वर्षांत होणार? तीन वर्षं असं उत्तर आलं की ते गप्प होतात. एका सभेत ब्याऐंशी वर्षांचे एक काका उठून म्हणाले, "मला भाड्याने घर देणार कोण? एकट्या म्हाताऱ्याला घर द्यायला मालक तयार नसतात." हे खरं आहे. घरमालक घाबरतात, एजंट टाळतात. तीन वर्षांसाठी मुलाकडे गेलेले आई-वडील पुष्कळदा परत येतच नाहीत. नवी इमारत होते, लिफ्ट येते आणि जिच्यासाठी लिफ्ट हवी होती ती व्यक्ती तिथे नसते.

यावर नियमाने करता येण्याजोगं काही आहे का? माझ्या मते आहे. पुनर्विकासाच्या प्रस्तावात ठरावीक टक्के घरं लहान आकाराची, महारेराच्या निकषांत बसणारी, खालच्या मजल्यांवर आणि फक्त ज्येष्ठांसाठी ठेवली, तर त्या क्षेत्राएवढा एफएसआय मोफत द्यावा. वर प्रीमियम लावू नये. सोसायटीतल्या ज्येष्ठ सभासदाला मोठ्या घराऐवजी असं घर आणि फरकाची रक्कम रोख घेता यावी. म्हणजे पाऊण कोटीच्या भिंतींतून थोडा पैसा त्याच्या बचत खात्यात येईल. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत एक एकराच्या वरच्या भूखंडांवर वीस टक्के क्षेत्र लहान घरांसाठी ठेवायची तरतूद नियमावलीत आहेच. तिच्यातच ज्येष्ठांचा वाटा निश्चित करता येईल.

दुसरी गोष्ट पार्किंगची. ऐकायला ती किरकोळ वाटते, पण इमारतीचा निम्मा आकार पार्किंगच ठरवतं. आपल्याकडे पार्किंगचा तक्ता सदनिकेच्या चटईक्षेत्रावर चालतो. आत राहणारा माणूस गाडी चालवतो की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. मग लहान भूखंडावर तळमजला पूर्ण गाड्यांना जातो, तळघर खणावं लागतं, यांत्रिक पार्किंग बसवावं लागतं. हा सगळा खर्च शेवटी घराच्या किमतीत येतो. ज्या तळमजल्यावर म्हातारी माणसं राहू शकली असती, तिथे गाड्या उभ्या राहतात. न्यूयॉर्क शहराने २०१६ मध्ये आपल्या झोनिंगमध्ये हाच बदल केला. सार्वजनिक वाहतूक जवळ असलेल्या भागांत, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठीच्या इमारतींना पार्किंगची सक्ती काढून टाकली. जुन्या अशा इमारतींच्या रिकाम्या पडलेल्या पार्किंगच्या जागेवरही बांधायची वाट मोकळी केली. पुण्यात मेट्रो स्थानकाच्या आसपास, ज्येष्ठांसाठी कायम राखलेल्या घरांपुरता असा बदल करायला काय हरकत आहे? अँब्युलन्स आणि भेटीला येणाऱ्यांच्या दोन-चार गाड्या उभ्या राहण्यापुरती जागा ठेवावी, बाकी माणसांना द्यावी.

याला एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. ज्येष्ठांच्या नावावर एफएसआय घेतला जाईल, पार्किंग माफ करून घेतलं जाईल आणि पाच वर्षांनी त्या घरांत भलतेच लोक चार गाड्या घेऊन राहू लागतील. पुण्यात असा संशय यायला कारणं आहेत. महापालिकेला सार्वजनिक सोयींसाठी मिळालेले सुविधा भूखंड भाड्याने देण्याच्या प्रस्तावावरून २०२१ मध्ये किती वादंग झाला होता ते आठवावं. सवलत देताना तिचा गैरवापर कसा रोखायचा हे नियमातच लिहायला हवं, हमीपत्रावर विसंबून चालणार नाही. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाराच्या इतर हक्कात वयाची अट कायमची नोंदवावी. वारसाला घर मिळेल, पण त्याचं वय साठ होईपर्यंत तो तिथे राहू शकणार नाही, त्याला ते ज्येष्ठालाच भाड्याने द्यावं लागेल किंवा विकावं लागेल.

सिंगापूरने यापेक्षा साधा मार्ग काढला आहे. तिथल्या गृहनिर्माण मंडळाने २०२१ मध्ये बुकित बातोक भागात ज्येष्ठांसाठी १६९ छोटी घरं जाहीर केली. घेणाऱ्याचं वय पासष्ट किंवा अधिक असावं लागतं. घर कायमचं मिळत नाही. आपल्या वयाच्या हिशेबाने पंधरा ते पस्तीस वर्षांचा भाडेपट्टा निवडायचा, त्याप्रमाणे किंमत. बाजारात विकता येत नाही, त्यामुळे सट्टा होत नाही. घरासोबत सेवांचा मूळ संच घ्यावाच लागतो. त्यात चोवीस तासांची आपत्कालीन मदत असते. त्याआधी अ‍ॅडमिरल्टी मेट्रो स्थानकाला लागून त्यांनी एक इमारत उभारली होती. साधारण सव्वादोन एकरांत खाली चौक, मध्ये खाऊगल्ली आणि दवाखाना, वर ज्येष्ठांची १०४ घरं, शेजारी पाळणाघर. एकाच भूखंडावर इतके वेगवेगळे वापर एकत्र आणायला तिथल्या अनेक खात्यांना एका टेबलाशी बसावं लागलं. सिंगापुरात बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे, आपल्याकडे नाही, हा फरक मोठा आहे. पण महापालिकेच्या ताब्यात आलेले सुविधा भूखंड आपल्याकडेही आहेत. त्यांतले काही भाजी मंडईसाठी घेतलेले, काही दवाखान्यासाठी, काही नुसतेच कुंपण घालून ठेवलेले. तळाला मंडई, वर दवाखाना आणि त्यावर तीन मजले ज्येष्ठांची भाडेपट्ट्याची घरं, एवढं एका भूखंडावर करून दाखवायला महापालिकेला कायद्यात फार मोठी उलथापालथ करावी लागणार नाही.

नुसतं आराखड्यात आरक्षण दाखवून मात्र भागणार नाही. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर दोन वर्षांत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं. पुण्याचा जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यातल्या दहा वर्षांचा हिशेब आता संपत आला आहे. पैसे नसताना दाखवलेलं आरक्षण ज्येष्ठांच्या उपयोगाचं नसतं.

नियम बदलण्याची रीत याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये दिली आहे. महापालिकेची सर्वसाधारण सभा ठराव करते, राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना प्रसिद्ध होते, हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो, मग सुनावणी होते आणि प्रस्ताव राज्य सरकारकडे मंजुरीला जातो. राज्य सरकार स्वतःहूनही असा बदल सुरू करू शकतं. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं पुण्यात लोकनियुक्त सभागृहच नव्हतं, प्रशासक कारभार पाहत होते. आता नगरसेवक आहेत. प्रभागातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या कट्ट्यावर ते वाढदिवसाला हार घेऊन येतात. त्यांना या ठरावाबद्दल विचारायला हवं, आणि नावानिशी विचारायला हवं.

कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर बोलणं झालं, तेव्हा निवृत्त झालेले एक अभियंते कागद घेऊनच आले होते. नोकरीत असताना त्यांनी नगररचनेचे कित्येक नकाशे तपासले होते. त्यांचा सल्ला असा होता. हरकतींची वाट पाहू नका, सूचना आधी पाठवा. आयुक्तांना एक आणि नगररचना विभागाला एक. पत्र एका पानाचं ठेवा. आपल्या इमारतीचा सर्व्हे नंबर, वर्ष, मजले, साठीपुढच्या रहिवाशांची संख्या आणि लिफ्ट आहे की नाही एवढंच लिहा, शेवटी मागणी एका वाक्यात. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, कारण सुनावणीला बोलावलं की पहिल्यांदा तोच विचारतात. आणि एकेकट्याने नको, एका प्रभागातून पन्नास सोसायट्यांची पत्रं एकाच आठवड्यात जाऊ द्या. बोलता बोलता त्यांनी पत्राचा मसुदा टेबलावर ठेवला. चष्मे निघाले, दोन जणांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या आणि सोसायट्यांची यादी कोणी करायची यावर चर्चा सुरू झाली.